पोकळ पृथ्वीच्या आत गुरुत्वाकर्षण कसं वागेल?

लंबक

पोकळ पृथ्वीचा विषय निघाला की चर्चा ध्रुवावरच्या भोकांकडे आणि आतल्या गुप्त वस्त्यांकडे वळते, आणि भौतिकशास्त्र बाजूलाच राहतं. ते इतकं सुरेख आहे की त्याला स्वतंत्र धागा हवाच. पृथ्वी आतून पोकळ असती तर आतल्या माणसाचं, पाण्याचं, हवेचं, हातातून सोडलेल्या दगडाचं नेमकं काय झालं असतं, ते इथे आकड्यांसकट बघू.

कल्पना जुनी आहे आणि मांडणारा माणूस मोठा होता. एडमंड हॅलीने १६९२ मध्ये लिहिलं, की पृथ्वीचं बाहेरचं कवच सुमारे ५०० मैल जाड असावं आणि आत वेगळ्या गतीने फिरणारे गोल असावेत. होकायंत्राची दिशा वर्षागणिक सरकत जाते, त्याचं कारण त्याला हवं होतं. शिवाय न्यूटनने तेव्हा चंद्राची आणि पृथ्वीची घनता ९:५ या प्रमाणात धरली होती, म्हणजे चंद्रच जास्त घन. पृथ्वीचा चार-नवमांश भाग रिकामा धरला की हा आकडा जुळत होता. आज आपल्याला माहीत आहे, की चंद्र ३.३४ आणि पृथ्वी ५.५१ ग्रॅम प्रति घन सेंमी आहे, त्यामुळे तो पायाच निखळला. पण हॅलीचं ८०० किमी जाडीचं कवच हिशेबाला सोयीचं आहे, तेच घेऊ.

बाहेरची त्रिज्या ६,३७१ किमी, आतली ५,५७१ किमी. एकूण आकारमानाचा ६७ टक्के भाग रिकामा. आता दोन पर्याय राहतात.

जड कवच: पृथ्वीचं वस्तुमान आहे तेवढंच ठेवायचं. मग कवचाची घनता १६,६४० किलो प्रति घनमीटर लागते. शिसं ११,३०० आणि पारा १३,५०० भरतो, यावरून अंदाज यावा.

दगडी कवच: प्रावरणाच्या (भूकवच आणि गाभा यांच्यामधला जाड थर) वरच्या भागातला ३,३०० घनतेचा खडक घ्यायचा. मग वस्तुमान आजच्या २० टक्के उरतं, पृष्ठभागावरचं गुरुत्व त्वरण १.९५ मीटर प्रति वर्गसेकंद (चंद्रावर १.६२ आहे), मुक्तिवेग (ज्या वेगाने सुटलेली वस्तू परत पडत नाही) ५ किमी प्रति सेकंद. चंद्र आजच्याच अंतरावर राहिला तर त्याच्या एका फेरीला २७.३ ऐवजी ६० दिवस लागतील.

दोन्हींत पोकळीच्या आत कवचाचं गुरुत्वाकर्षण शून्य. फक्त मध्यबिंदूपाशी नाही, भिंतीला नाक लावून उभे राहिलात तरी शून्यच. जड कवचातून खाली उतरत गेलात तर पृष्ठभागावर ९.८, चारशे किमी खोल ५.२ आणि आतल्या भिंतीवर ०. खऱ्या पृथ्वीत असं होत नाही. तिथे चारशे किमीवर जवळपास १० असतं आणि २,८९१ किमी खोल, गाभ्याच्या सीमेवर, ते १०.७ पर्यंत चढतं. उतरण त्यानंतर सुरू होते.

चौकस

मध्यबिंदूवर शून्य हे पटतं, सगळीकडून सारखी ओढ. पण मी एका भिंतीपासून ५७१ किमीवर असेन, तर समोरची भिंत १०,५७१ किमी लांब आहे. अंतराच्या वर्गाने ओढ घटते म्हटल्यावर जवळच्या भिंतीने जिंकायला नको का?

लंबक

जवळची भिंत जास्त ओढते हे बरोबर, पण लांबच्या बाजूला भिंत जास्त आहे. तुमच्याच आकड्यांवर बघू.

तुम्ही उभे आहात त्या बिंदूतून दोन्ही दिशांना एक बारीक दुहेरी शंकू काढा. अंतरांचं गुणोत्तर १८.५. त्या शंकूत जवळच्या भिंतीचा १ चौरस किमी येत असेल, तर लांबच्या भिंतीचा १८.५ चा वर्ग, म्हणजे ३४३ चौरस किमी येतो. वस्तुमान ३४३ पट, आणि अंतरामुळे ओढ ३४३ पटीने कमी. दोन्ही तुकडे एकमेकांना अचूक काटतात. बिंदू कुठलाही घ्या आणि शंकू कुठल्याही दिशेला काढा, हेच होतं.

यात एक बारीक अट आहे, तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. शंकू तिरका काढला तर तो भिंतीला तिरका छेदतो आणि छेदाचं क्षेत्रफळ वाढतं. गोलाची कुठलीही जीवा दोन्ही टोकांना पृष्ठभागाशी सारखाच कोन करते, म्हणून ही वाढ दोन्हीकडे सारख्याच पटीने होते आणि गुणोत्तर बिघडत नाही. न्यूटनने १६८७ च्या प्रिन्सिपियात, पहिल्या खंडाच्या ७० व्या विधानात हेच सिद्ध केलं आहे.

म्हणून हा नियम कुठल्याही पोकळ आकाराला लावू नये. पोकळ घनाकृती पेटीत शून्य येत नाही. सपाट कड्याच्या आत, कड्याच्याच प्रतलात, शून्य येत नाही. कड्यात तुम्ही म्हणता तशी जवळची बाजू खरंच जिंकते.

कोष्टकवाला

ज्यांना स्वतः पडताळायचं आहे त्यांच्यासाठी, स्प्रेडशीटमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे.

कवचाची त्रिज्या १ धरा, एकूण वस्तुमान १, गुरुत्वस्थिरांकही १. कवचाच्या १८० कड्या पाडा, प्रत्येकी १ अंशाची. पहिल्या स्तंभात कडीचा मधला कोन: ०.५, १.५, २.५ असं १७९.५ पर्यंत. दुसऱ्या स्तंभात कडीचं वस्तुमान: दोन्ही कडांच्या कोसाइनमधल्या फरकाचं निम्मं. तिसऱ्यात बिंदूपासून कडीच्या अंतराचा वर्ग: १ + क्ष² − २ × क्ष × कोसाइन. इथे क्ष म्हणजे मध्यापासून बिंदूचं अंतर. चौथ्यात ओढ: वस्तुमान × (कोसाइन − क्ष) भागिले तिसऱ्या स्तंभाचा दीड घात. चौथ्या स्तंभाची बेरीज म्हणजे उत्तर.

आधी क्ष = २ घालून बघा. बिंदू बाहेर आहे, त्यामुळे उत्तर −०.२५ च्या अगदी जवळ यायला हवं. ते आलं नाही तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा कारण एकच असतं: स्प्रेडशीटला कोन रेडियनमध्ये लागतो आणि आपण अंश घातलेले असतात. वस्तुमानाच्या स्तंभाची बेरीज १ येते का, तेही तपासा.

मग क्ष = ०.५ घाला, उत्तर जवळपास शून्य येईल. क्ष = ०.९९ घातलंत तर मात्र स्पष्ट ओढ दिसेल आणि प्रमेय खोटं ठरल्यासारखं वाटेल. ती ओढ गुरुत्वाची नसून जाळीच्या जाडपणाची आहे. ५,५७१ किमी त्रिज्येवर एक अंश म्हणजे ९७ किमी, आणि तुमचा बिंदू भिंतीपासून ५६ किमीवर आहे. कडीच्या रुंदीपेक्षा जवळ गेलात की गणकाला भिंत अखंड दिसत नाही, सुटी तार दिसते. कड्या ०.१ अंशाच्या करा, चूक जाईल.

सांजतारा

पण आत पूर्ण वजनरहित अवस्था मिळणार नाही, कारण पृथ्वी फिरते. दिवस आजच्याएवढाच धरला तर आतली भिंत विषुववृत्तावर सेकंदाला ४०६ मीटर वेगाने फिरतेय. भिंतीबरोबर फिरणाऱ्या माणसाला ०.०३ मीटर प्रति वर्गसेकंद इतकं अपकेंद्री त्वरण जाणवेल, आणि ते भिंतीकडे. म्हणजे त्याचे पाय बाहेरच्या दिशेला, डोकं मध्याकडे. ७० किलोच्या माणसाचं वजन ताणकाट्यावर २११ ग्रॅम भरेल.

हातातून एक मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू खाली पोचायला ८.२ सेकंद. बाहेर जो माणूस अर्धा मीटर उडी मारतो, तो आत तेवढ्याच जोराने उडाला तर १६५ मीटर वर जाईल आणि साडेतीन मिनिटांनी परत येईल. उतरेल तो जागेच्या ३.४ मीटर पूर्वेला. पृथ्वीच्या बाहेर सरळ वर उडवलेली वस्तू किंचित पश्चिमेला पडते, आत उलट. कारण वर जाणं म्हणजे आत अक्षाच्या जवळ जाणं, आणि कोनीय संवेग टिकवायचा तर जवळ गेल्यावर जास्त वेगाने फिरावं लागतं.

भिंतीवरून पश्चिमेकडे ४०६ मीटर प्रति सेकंदाने गाडी हाकलीत तर वजन संपलं, गाडी तरंगेल. तितक्याच वेगाने पूर्वेकडे गेलात तर वजन चौपट.

आता खरी गंमत. ही ओढ अक्षापासून दूर नेते, मध्यापासून नाही. त्यामुळे भिंत फक्त विषुववृत्तावर सपाट वाटेल. पुण्याच्या अक्षांशावर, १८.५ अंशांवर, तीच भिंत विषुववृत्ताकडे १८.५ अंश उतरती असेल, साधारण तीनास एक उतार. सुटा दगड घर्षणाने तिथे टिकेल, पण पाणी टिकणार नाही. घर्षणाचा गुणांक ०.६ धरला तर ३१ अंशांच्या पलीकडे दगडही घसरायला लागतात. ध्रुवापाशी तर वजनच नाही. सगळं सुटं सामान आणि सगळं पाणी शेवटी विषुववृत्ताच्या पट्ट्यात.

लंबक

सुंदर हिशेब. एक अट जोडतो, नाहीतर हे आकडे फसतील.

फिरणारी पृथ्वी गोल नसते, ती ध्रुवांवर १/२९८ इतकी चपटी आहे. आतली आणि बाहेरची बाजू सारख्याच प्रमाणात चपटी असेल तर आत शून्य कायम राहतं, हेही न्यूटननेच दाखवलं. पण बाहेरची बाजू चपटी आणि आतली अगदी गोल असेल, तर शून्य गेलं. जड कवचात विषुववृत्तावर भिंतीकडे ०.०३५ आणि ध्रुवावर भिंतीपासून दूर, मध्याकडे, ०.०७ येतं. अपकेंद्री ०.०३ च्या तुलनेत हे मुळीच किरकोळ नाही. विषुववृत्तावरचं वजन दुपटीपेक्षा वाढेल, आणि ध्रुवापाशी सोडलेली वस्तू भिंत सोडून आत निघून जाईल. आतल्या भिंतीचा आकार एक-तीनशेअंशाने बदलला की आतलं सगळं चित्र पालटतं.

रानवाट

ध्रुवावर भोक असेल तर? अमेरिकेत जॉन क्लीव्ह्ज सिम्सने १८१८ मध्ये पत्रक काढून तेच म्हटलं होतं, की दोन्ही ध्रुवांना भोकं आहेत आणि आत जाता येतं.

सांजतारा

जाता येईल, पण यायचं कसं ते बघा. पोकळीत ओढ शून्य आहे म्हणजे तिथे विभव (पोटेन्शियल, म्हणजे त्या जागेची प्रतिकिलो गुरुत्वीय ऊर्जा) शून्य आहे असं नाही. पोकळी हा खड्ड्याचा सपाट तळ आहे. जड कवचात पृष्ठभागावरून आत उतरताना प्रत्येक किलोमागे ४१ लाख ज्यूल सुटतात, आणि परत चढताना तेवढेच भरावे लागतात.

ध्रुवावरच्या बोगद्यात दगड सोडला आणि हवा नाही असं धरलं, तर कवच पार करायला त्याला साडेसात मिनिटांच्या आत-बाहेर लागतील. आत शिरेल तेव्हा वेग २.८६ किमी प्रति सेकंद. पुढचे ११,१४२ किमी तो त्याच वेगाने, ना कमी ना जास्त, ६५ मिनिटं तरंगत जाईल, समोरच्या बोगद्यात वेग गमावत चढेल आणि दुसऱ्या ध्रुवावर क्षणभर थांबेल. एकूण ८० मिनिटं. सगळीकडे सारखी घनता असलेल्या भरीव पृथ्वीत हाच प्रवास ४२ मिनिटांचा होतो. विषुववृत्तावर बोगदा खणलात तर मात्र दगड मध्यापर्यंत पोचणारच नाही. खाली जाताना तो पूर्वेकडच्या भिंतीला घासेल.

हाच नियम पाण्याला आणि हवेला. भोक समुद्रसपाटीला उघडत असेल तर महासागर त्यातून आत ओतला जाणार. सगळे महासागर मिळून १३३ कोटी घन किमी पाणी आहे आणि पोकळी ७२,४०० कोटी घन किमीची. सगळं पाणी गेलं तरी पोकळीचा ०.१८ टक्का भाग भरेल. हवेचंही तेच, इतक्या खोल खड्ड्याच्या काठावर, म्हणजे आपल्या पृष्ठभागावर, नाव घेण्याजोगा दाब उरणार नाही. सिम्सची भोकं खरी असती तर ती शोधायला जहाजाला समुद्रच मिळाला नसता.

पोकळी बंद असेल आणि आत १५ अंश सेल्सिअसची हवा भरली असेल, विषुववृत्ताच्या भिंतीवर १ वातावरण दाबाने, तर अक्षावर दाब ३७ टक्के भरतो. आज एव्हरेस्टच्या माथ्यावर असतो त्याहून थोडासा जास्त. एवढी हवा भरायला आजच्या वातावरणाच्या जवळपास शंभरपट हवा लागेल. हवेचं स्वतःचं गुरुत्व यात धरलेलं नाही, ते भिंतीपाशी अपकेंद्री बलाच्या ४ टक्क्यांच्या आसपास येतं.

चौकस

आणि आतला सूर्य? पोकळ पृथ्वीच्या बऱ्याच वर्णनांत मधोमध एक छोटा सूर्य टांगलेला असतो. तो मध्यावर टिकेल का?

लंबक

नाही. कवच आतल्या कुठल्याच वस्तूला ओढत नाही, म्हणजे मध्यावर धरूनही ठेवत नाही. सूर्य मध्यावर ठेवला तर राहील, पण सेकंदाला एक मिलिमीटर वेगाने जरी सरकला तरी त्याला परत आणणारं बल नाही. त्या वेगाने तो पावणेदोनशे वर्षांत भिंतीला भिडेल. हॅलीच्या आतल्या गोलांची अडचण हीच होती. मॅक्सवेलने १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात शनीचं कडं अखंड घन असू शकत नाही हे दाखवलं, तिथे स्थिती याहून वाईट आहे: अखंड कडं जरा सरकलं की आणखीच सरकत जातं. कवच निदान तटस्थ आहे.

दुसरी अडचण वस्तुमानाची. आतल्या सूर्याला स्वतःचं गुरुत्व असणारच, आणि ते माणसांना भिंतीवरून उचलून मध्याकडे नेणार. अपकेंद्री ०.०३ ला हरवायला चंद्राच्या १९ टक्के वस्तुमान पुरेसं आहे. त्याहून जड सूर्य ठेवलात की आतली जमीन हीच आतल्यांसाठी छत होते.

कमानकार

गुरुत्वाचं झालं, आता हे कवच उभं राहील का ते बघू. घुमट बांधणाऱ्याच्या नजरेने हा प्रश्न सरळ आहे.

पातळ गोल कवचात स्वतःच्या वजनामुळे येणारा दाबताण = घनता × पृष्ठभागावरचं गुरुत्व त्वरण × त्रिज्या ÷ ४. यात निम्मं यासाठी, की कवचाच्या जाडीत गुरुत्व शून्यापासून पूर्णपर्यंत जातं आणि सरासरी निम्मी पडते. हॅलीचं दगडी कवच घातलं तर ताण १० गिगापास्कलच्या आसपास येतो. चांगल्या ग्रॅनाइटची दाबक्षमता ०.२ गिगापास्कल. पन्नास पट कमी. जड कवचात २६० गिगापास्कल; खऱ्या पृथ्वीच्या केंद्रातला दाब ३६४ आहे, म्हणजे आपण जवळपास तिथेच पोचलो.

जाडी कमी करून बघा. दगडी कवचात जाडी घटली की गुरुत्वही त्याच प्रमाणात घटतं, त्यामुळे ताण उतरतो. २,७०० घनतेच्या ग्रॅनाइटला ०.२ गिगापास्कलच्या आत राहायचं तर जाडी २० किमीच्या वर नेता येत नाही. अशा पृथ्वीवर बाहेरचं गुरुत्व त्वरण ०.०४६ मीटर प्रति वर्गसेकंद. त्यातले ०.०३४ विषुववृत्तावर फिरण्यातच जातात. हवा धरून ठेवणं तर दूरच.

पण चिरडण्याआधीच ते बकल होईल, आणि मला सगळ्यात रंजक हे वाटतं. बाहेरून दाब असलेलं पातळ गोल कवच किती दाबाला अचानक आत दबतं, याचं सूत्र झोलीने १९१५ मध्ये दिलं. तो दाब (जाडी ÷ त्रिज्या) च्या वर्गाच्या प्रमाणात असतो. आणि कवचावर स्वतःच्या गुरुत्वाचा भारही जाडीच्या वर्गाच्याच प्रमाणात असतो, एकदा वजनासाठी आणि एकदा गुरुत्वासाठी. दोन्हींतून जाडी कटून जाते! उरते फक्त त्रिज्या. स्थितिस्थापकता गुणांक ६० गिगापास्कल, पॉयसन गुणोत्तर (दाबल्यावर पदार्थ आडवा किती फुगतो त्याचं माप) ०.२५ आणि घनता २,७०० घातली की मर्यादा ४,८४० किमी येते. ग्रॅनाइटचं पातळ कवच त्याहून मोठ्या त्रिज्येचं असेल तर ते एक मीटर जाड असो वा वीस किलोमीटर, दबणारच. पृथ्वी ६,३७१ किमी.

ही मर्यादाही निर्दोष, एकसंध, अचूक गोल कवचाची. प्रत्यक्षात आकारातल्या बारीक दोषांमुळे कवचं सूत्राच्या पाचव्या हिश्शाच्या आसपासच्या भाराला दबतात, तेव्हा मर्यादा २,१६० किमीवर येते. आपल्या कवचात तर समुद्राचे खड्डे, पर्वत आणि भ्रंश.

भूतरंग

कमानकारांनी ते पाडलंच, तरी मोजमापाच्या अंगाने काय दिसतं ते लिहितो. इथे एक अडचण प्रामाणिकपणे मान्य करावी लागते: बाहेरून नुसतं गुरुत्व मोजून पृथ्वी पोकळ की भरीव हे कळूच शकत नाही. ज्या प्रमेयाने आत शून्य येतं, त्याच्याच दुसऱ्या भागाने बाहेर सगळं वस्तुमान मध्यबिंदूत असल्यासारखं वागतं. त्यामुळे पुरावा टप्प्याटप्प्याने उभा राहिला.

पहिला टप्पा सरासरी घनता. फ्रेंच शास्त्रज्ञ बूगेने १७३८ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो पर्वताजवळ ओळंबा किती ढळतो ते मोजलं. ढळ अंदाजापेक्षा खूप कमी निघाली. निदान पृथ्वी पोकळ नाही एवढं यावरून म्हणता येतं, असं त्याने लिहिलं. १७७४ मध्ये मॅस्केलिनने स्कॉटलंडच्या शिहॅलियन डोंगरावर तेच जास्त काटेकोरपणे केलं. १७९८ मध्ये कॅव्हेंडिशने पीळतराजूने पाण्याच्या ५.४८ पट घनता काढली. आजचा आकडा ५.५१. पृष्ठभागावरचा खडक २.७ च्या आसपास. म्हणजे आत जास्त जड काहीतरी हवंच, आणि पोकळी ठेवायची तर कवच लंबकांनी म्हटलं तसं १६.६ घनतेचं हवं.

खाणीतही हे मोजता येतं. खाली उतरताना गुरुत्व मीटरमागे (०.३०८६ − ०.०८३८ × खडकाची घनता) मिलिगॅलने वाढतं, घनता ग्रॅम प्रति घन सेंमीमध्ये (१ मिलिगॅल म्हणजे ०.००००१ मीटर प्रति वर्गसेकंद). घनता ३.६८ पेक्षा कमी असेल तोवर ही वाढच असते. एअरीने १८५४ मध्ये इंग्लंडच्या हार्टन कोळसा खाणीत ३८३ मीटर खोल लंबक लावला, तो वरच्यापेक्षा दिवसाला सव्वादोन सेकंद पुढे गेला. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, ३.२ किमी खोल आणि खडक २.९ चा धरून, वाढ २१० मिलिगॅल येते. ७० किलोच्या माणसाला ताणकाट्यावर १५ ग्रॅम. जड कवच वरपासून १६.६ चं असतं तर उतरताना मीटरमागे १.०९ मिलिगॅलने वजन घटलं असतं.

पण वर पातळ हलका थर आणि खाली जड कवच असं कुणी म्हटलं, तर खाण त्याला खोडू शकत नाही. तिथे मोमेंट ऑफ इनर्शिया लागतो, म्हणजे वस्तुमान अक्षापासून किती दूर पसरलं आहे त्याचं माप. वस्तुमान × त्रिज्येचा वर्ग याने भागल्यावर एकसारख्या भरीव गोलाला ०.४ येतं, अगदी पातळ कवचाला ०.६७, हॅलीच्या कवचाला ०.५९. पृथ्वीचा मोजलेला आकडा ०.३३०७. तो ०.४ पेक्षाही कमी आहे, म्हणजे वस्तुमान मध्याकडे एकवटलेलं आहे.

आणि हा आकडा येतो अयनचलनातून, म्हणजे पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो त्यातून. आपल्या पंचांगात अयनांश छापलेले असतात, सध्या २४ अंशांच्या किंचित वर, आणि ते वर्षाला ५०.३ विकला (१ विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) वाढतात. पृथ्वीचा फुगवटा आजच्याएवढाच ठेवून ती हॅलीच्या कवचासारखी पोकळ केली, तर हा वेग वर्षाला २८ विकला झाला असता आणि एक फेरी २५,८०० ऐवजी ४६,००० वर्षांची.

राहता राहिल्या भूकंपलहरी. १९०६ मध्ये ओल्डहॅमने गाभा ओळखला, १९३६ मध्ये इंगे लेहमन यांनी त्याच्या आतला घन गाभा. पोकळीतून लहर जातच नाही. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला मात्र भूकंपानंतर २० मिनिटांत पी लहर (दाबाची, सगळ्यांत वेगवान भूकंपलहर) थेट गाभ्यातून येऊन पोचते.

रानवाट

मग हिंदी महासागरात 'गुरुत्वाचा खड्डा' आहे म्हणतात, ती पोकळी नव्हे ना?

भूतरंग

नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्राची सरासरी पातळी संदर्भ-विवृत्तजापेक्षा (पृथ्वीचा हिशेबासाठी धरलेला गुळगुळीत, चपटा आकार) १०६ मीटर खाली आहे, त्यालाच खड्डा म्हणतात. पाणी तिथे सपाटच दिसतं, जहाजाला उतार जाणवत नाही, कारण ओळंबाही त्या पृष्ठभागाला लंबच राहतो. गुरुत्वातली घट दहा-वीस हजारांत एक भाग एवढीच आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रावरणातल्या गरम, हलक्या द्रव्याशी तिचा संबंध दाखवला. घनतेत थोडा फरक आहे, रिकामी जागा नाही.

चौकस

शेवटचे दोन. पोकळी मध्यावर नसून एका बाजूला असेल तर आत शून्यच का? आणि खऱ्या छोट्या पोकळ्या गुरुत्वाने सापडतात का?

लंबक

बाजूला असेल तर शून्य नाही, पण जे येतं ते आणखी देखणं आहे. पूर्ण भरीव गोल घ्या आणि पोकळीच्या जागी तेवढ्याच आकाराचा ऋण घनतेचा गोल मिळवा. दोघांची बेरीज केली की पोकळीत सगळीकडे एकाच दिशेचं, एकाच मापाचं गुरुत्व येतं. एकसारख्या घनतेच्या पृथ्वीत गोल पोकळीचा मध्य १,००० किमी सरकलेला असेल, तर आत सर्वत्र १.५४ मीटर प्रति वर्गसेकंद. पोकळी केवढी आहे याचा काही संबंध नाही.

घड्याळाचंही सांगून ठेवतो: जड कवचाच्या मध्यावरच्या पोकळीत वजन नाही, तरी विभव खोल आहे, म्हणून तिथलं घड्याळ पृष्ठभागापेक्षा दिवसाला ३.९ मायक्रोसेकंद मागे पडेल. पोकळीत कुठेही ठेवा, तेवढंच.

भूतरंग

छोट्या पोकळ्या सापडतात, आणि रोजच्या कामात याच गणिताचा उपयोग आहे. बेसाल्टमध्ये (घनता २.९) ५ मीटर त्रिज्येची गोल पोकळी, मध्य १० मीटर खोल, आत हवा असेल तर तिच्या बरोब्बर वर गुरुत्व १०१ मायक्रोगॅलने (मिलिगॅलचा हजारावा भाग) कमी दिसतं. पाण्याने भरलेली असेल तर ६६. खोली दुप्पट झाली की चौथा हिस्सा उरतो, म्हणून २० मीटरवरची तीच पोकळी २५ मायक्रोगॅलवर येते आणि काम अवघड होतं.

पोकळी १० मीटरवर असण्याची शक्यता असेल तर ठाणी (मोजणीच्या जागा) एकमेकांपासून ५ मीटरपेक्षा लांब ठेवू नका. प्रत्येक ठाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये हवी. १ सेंमीची चूक म्हणजे ३ मायक्रोगॅल. चंद्र-सूर्याच्या भरतीओढीने दिवसभरात २०० ते ३०० मायक्रोगॅलचा चढउतार होतो, तो वजा केला नाही तर त्याचाच आलेख पोकळीसारखा दिसतो. उपकरणही सरकत राहतं, तेव्हा तासाभराने मूळ ठाण्यावर परत येऊन वाचन घ्यायचं. जवळच भिंत, विहीर किंवा खणलेला चर असेल तर त्याचा परिणाम वेगळा काढायचा. रिकामी विहीर स्वतःच पोकळी आहे.

मग आलेखात घट निम्मी होते ते आडवं अंतर मोजा आणि १.३०५ ने गुणा, पोकळीच्या मध्याची खोली मिळते. हे गोल पोकळीसाठी. लांब बोगद्यासारखी असेल तर निम्म्या घटीचं अंतर हीच खोली, १.३०५ ने गुणायचं नाही. म्हणून एका ओळीत मोजून थांबू नये, काटकोनातली दुसरी ओळही घ्यावी. दोन्ही ओळींत घट सारखी उतरली तर गोल, एकीत लांबत गेली तर बोगदा.